सावलीतले सोळा नमुने

मी माती मोजते. म्हणजे शेतात नळी ठोकून मातीचे नमुने काढते, पिशव्यांवर आकडे घालते आणि त्या प्रयोगशाळेत पाठवते. मातीत कर्ब, म्हणजे कार्बन, किती आहे ते तिथून कळतं. मुळं, धसकटं, पालापाचोळा कुजून तो जमिनीत साठत जातो. नांगर घालून माती उघडी केली, की त्यातला बराचसा हवेत जातो आणि हवा तापवायला हातभार लावतो. शास्त्र एवढंच आहे, बाकी सगळं ऊन, धूळ आणि माणसांचे स्वभाव. माझा स्वभाव फटकळ आहे असं ऑफिसात म्हणतात. दुसऱ्यांच्या चुका काढताना तो फार कामी येतो.

त्या आठवड्यात वहिनींचा अहवाल आला. पाच वर्षांपूर्वी कर्ब एक पूर्णांक दोन टक्के, आत्ताही एक पूर्णांक दोन टक्के. फरक शून्य.

वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. नवरा गेल्यावर त्यांनी धाकट्या दिराकडून आपली अर्धी जमीन मागून घेतली आणि सांगून टाकलं, की इथे आता नांगर लागणार नाही. धसकटं तशीच ठेवायची, दोन पिकांच्या मधे जमीन झाकणारं हिरवं काहीतरी पेरायचं, शेणाच्या खड्ड्यावर जाड कापड ताणायचं आणि त्यातल्या वायूवर चूल पेटवायची. धाकटे, म्हणजे तो दीर, वय वर्षं अठ्ठावन्न पण अजून धाकटेच, हसून हसून बेजार झाले. "वहिनी, शेताला पांघरूण घातलंत, आता अंगाईपण म्हणा!" शेवटी दोघांत शब्द ठरला. पाच वर्षांनी मातीचा अहवाल बघायचा. कर्ब वाढला असेल तर धाकट्यांची अर्धी जमीनही वहिनींच्या पद्धतीने करायची, नाहीतर वहिनींच्या शेतात धाकट्यांचा नांगर. अहवाल दोघांना गेला आणि नांगरट सोमवारी ठरली.

मला तो आकडा काही पटेना. मागच्याच महिन्यात मी त्या शेतात नळी घातली होती. लोण्यात सुरी जावी तशी ती आत गेली होती आणि मातीबरोबर गांडुळं वर येत होती. म्हणून मी पाच वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. नकाशावर ठरलेल्या सोळा जागा, सोळा नमुने. पहिल्याची वेळ बारा वाजून पाच मिनिटं. सोळाव्याची, बारा पंचेचाळीस.

एका नमुन्याला चालणं धरून दहा मिनिटं तरी लागतात. अडीच तासांचं काम मी चाळीस मिनिटांत उरकलं होतं. माझ्या धंद्यातलं कुणीही ते पान बघून कपाळाला हात लावेल. बाकीच्यांना त्यात काहीच दिसणार नाही.

मग सगळं आठवलं. तो उन्हाळा, तापलेली नळी, गरगरणारं डोकं आणि कडेचं एकुलतं एक मोठं झाड. मी सोळाही नमुने त्या झाडाच्या बुंध्याभोवती काढले होते. माती ती माती, असं स्वतःला म्हणालेसुद्धा होते. पण त्याच सावलीत वर्षानुवर्षं दुपारभर गाई उभ्या राहायच्या. शेणामुताने भिजलेली ती माती अख्ख्या शेतात सगळ्यात कसदार होती. वहिनी पाच वर्षं राबून जिथे पोचल्या, तिथे मी त्यांना कागदावर आधीच उभं करून ठेवलं होतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या उन्हाळ्यात किती शेतं केली होतीस?"

"बावीस. सगळी अशीच, सावली बघून."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. एका शेतासाठी बावीस उघडी पडतील."

मी दोन दिवस गप्प बसले. सांगायला लाज वाटते, पण बसले. इतरांच्या वहीत खाडाखोड दिसली तर आकाशपाताळ एक करणारी मी, दोन दिवस मूग गिळून होते.

सोमवारी सकाळी राहवलं नाही. पोचले तेव्हा ट्रॅक्टर बांधावर आला होता, नांगर जोडलेला, इंजिन चालू. वहिनी हाताची घडी घालून कडेला उभ्या होत्या. त्यांनी अडवलं नव्हतं, शब्द दिला होता ना.

मी इंजिनापेक्षा मोठ्याने ओरडून सगळं सांगितलं. झाड, सावली, चाळीस मिनिटं. चूक माझी, वहिनींची नाही.

धाकट्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुमची चूक निस्तरायला मी माझा नांगर थांबवायचा?"

"हो."

"मग मोजा की पुन्हा!"

"आजचा आकडा बरोबरच आहे, भाऊ. चुकलाय तो जुना. पाच वर्षांपूर्वीची माती मी आता कुठून आणू?"

"माझ्या बाजूची मोजा. पूर्वी एकच तर शेत होतं."

"अंदाज येईल. पण तेव्हा दोन्हीकडे सारखीच होती, हे कुठेच लिहिलेलं नाही. ऑफिस मानणार नाही."

"आणि आज नांगरलं तर?"

"जे साठलंय त्यातलं बरंच उडून जाईल."

"नाही नांगरलं तर?"

"आजपासून नवी सुरुवात. मागचं कागदावर कधीच येणार नाही."

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"अहवाल आल्यापासून मी रोज स्वतःला वेडी म्हणतेय," त्या म्हणाल्या. "मग पाच वर्षं मी केलं तरी काय?"

एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

धाकट्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. ते खाली उतरले, बांधावर आले आणि वहिनींकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नांगरलं नाहीत, वहिनी. एकदाही नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो, कधीतरी चुकाल म्हणून. पाच वर्षांत तेवढी संधी काही दिली नाहीत."

मग माझ्याकडे वळले. "लिहा."

"काय?"

"मी सांगतो ते. माझ्याइतकं लक्ष ठेवलंय कुणी त्या शेतावर? पहिल्या वर्षी कापणीनंतर आठव्या दिवशी हिरवं पेरलं. मी म्हटलं, वाया जाणार. उगवलं. धसकटं कुणीतरी पेटवायला निघालं होतं, तर ह्या काठी घेऊन धावल्या."

आमच्या फॉर्मवर साक्षीला रकाना नाही. मी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. ऑफिसात त्याचं काय होणार ते मला ठाऊक होतं. बाकीच्या एकवीस शेतांवर जाऊन हेच सांगावं लागणार, हेही ठाऊक होतं. तरी लिहीत राहिले.

"दुसऱ्या वर्षी वादळात खड्ड्यावरचं कापड फाटलं," धाकटे सांगत होते. त्यांचा आवाज जरा बसला. "ह्यांनी एकटीने खड्ड्यावर शिडी आडवी टाकून ते शिवलं. मी इथेच उभा होतो. मदतीला गेलो नाही. तेही लिहा."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"तिसऱ्या वर्षी, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या नाही. नीट सांगा त्यांना, त्या आधीच एकदा चुकल्यात."