कल्हई उडालेल्या डेगेची कबुली

मित्रांनो, माझं वय मला नक्की सांगता येणार नाही, पण स्वभाव सांगता येईल. मी एक जुनी पितळी डेग आहे, आणि फार हेवेखोर आहे. भांड्याला कसला आलाय हेवा, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी पाठचं भावंड आलं आणि आईच्या मांडीवरची तुमची जागा गेली, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं ते आठवून बघा. म्हणजे माझं म्हणणं पटेल.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. कितीतरी दिवस ठोके खाल्ल्यावर मला हे गोल पोट मिळालं. शालनबाई नावाच्या एका बाईंनी नवस फेडायला मला घेतलं, गळ्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं आणि बैलगाडीतून पवनेच्या काठी, काळेवाडीच्या अंगाला असलेल्या निश्चलबाबांच्या मठात आणून पोचवलं. बाबा तेव्हा हयात नव्हते. पण दर गुरुवारी मठात प्रसादाची पंगत असे, आणि माघात बाबांच्या पुण्यतिथीला शे-दीडशे पानं उठत.

पितळेचं एक वर्म असतं, ते आधीच सांगून टाकते. आम्हाला आतून कल्हई लागते. कल्हईवाला जमिनीत खड्डा करून भट्टी पेटवतो, भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने सगळीकडे पसरतो. पांढऱ्या धुरातून भांडं बाहेर येतं तेव्हा आतून चांदीसारखं दिसतं. ही कल्हई उडाली आणि पितळ उघडं पडलं, की त्यात आंबट पदार्थ टिकत नाही. तो कळकतो. रंग हिरवट होतो, चव तुरट-कडवट होते आणि खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात. लहान मुलांना तर फारच बाधतं.

मठाचा स्वयंपाक सारजाबाई करत. त्या चाकणकडच्या खेड्यातल्या. नवरा गेल्यावर दिरांनी घरात ठेवलं नाही, म्हणून एक बोचकं घेऊन मठात आल्या आणि राहिल्या. स्वयंपाकघरामागची पत्र्याची खोली त्यांची. मठात जपाला, पारायणाला माणसं येत आणि जात. सारजाबाईंना कधी जप करताना मी पाहिलं नाही. त्या ताक घुसळत. त्यांच्या हातची कढी ही त्या मठातली दुसरी आरतीच होती म्हणा ना! कढी चुलीवर असेपर्यंत त्या बाजूच्या पाटावरही बसत नसत. उभ्याने ढवळत राहायच्या. ती कढी माझ्यातच व्हायची. लोक द्रोण तोंडाला लावून भुरके मारत, आणि मला वाटे, ही वाहवा निम्मी माझी आहे.

मग पिंपरीला कारखाना आला. कुठून कुठून बिऱ्हाडं आली. गुरुवारची पानं वाढली. आणि एक दिवस सुभद्राबाई आल्या.

सुभद्राबाई मराठवाड्यातल्या, वयाने लहान, पण त्यांच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. भाऊ देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला, त्याच्या एका खोलीत सहा माणसं. त्यांनी मठाचे कारभारी उद्धवराव यांना विचारलं, "काका, दोन वेळचं करते, कोपऱ्यात पडून राहते." उद्धवराव हो म्हणाले. येताना सुभद्राबाईंनी एक मोठं जर्मनचं पातेलं आणलं होतं. अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात.

काय सांगू तुम्हाला त्याचा दिमाख! नवं, पांढरं, हलकं. ठोका नाही, नाव नाही, कल्हई नाही. पंगतीत वाढणाऱ्या गेनबांनी ते एका हातात उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे बघा, फूल हाय फूल! आन् ही सारजाबाईंची डेग हलवायची म्हंजी घरनं बैल आणावा लागतोय."

सगळे हसले. सारजाबाई हसल्या नाहीत. मी तर नाहीच.

त्यानंतर मला कोपरा मिळाला. वरण जर्मनमध्ये, भात जर्मनमध्ये. पाणी भरायलासुद्धा मला कुणी घेईना. त्या वर्षी कल्हईवाल्यालाही कुणी हाक मारली नाही. त्याने मठाच्या दारात आरोळी दिली, थोडं थांबला आणि पुढच्या गावाला गेला. मी पालथी पडल्या पडल्या ऐकलं. ते जर्मन चुलीवर चढायचं तेव्हा त्याचं बूड करपावं, असं मी मनात म्हणत असे. एकदा खरंच करपलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

सारजाबाईंचंही तसंच चाललं होतं. सुभद्राबाईंनी फोडणी दिली, की त्या दारातून म्हणत, "बये, हिंग घातलास का धूप जाळलास?" सुभद्राबाई खाली मान घालून म्हणत, "चुकलं असंल मावशी." पण पुढच्या गुरुवारी हिंग तेवढाच असे. लोकांना तो आवडत होता.

माघ लागला. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी उद्धवराव स्वयंपाकघरात आले आणि उंबऱ्यातूनच बोलले, "मठाला दोन बायका पोसणं काही जमायचं नाही. उद्याचा उत्सव होऊ द्या, मग एकीनं दुसरीकडं बघावं. कोणी, ते परवा सांगतो."

ते गेले. दोघींपैकी कुणालाच दुसरीकडे बघायला जागा नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

सारजाबाई उठल्या आणि थेट माझ्याकडे आल्या.

"उद्याची कढी मी करनार," त्या सुभद्राबाईंना म्हणाल्या. "आन् ह्याच डेगंत करनार. तुज्या त्या जर्मनात आंबट घातलं की काळं पडतंय."

त्यांनी मला चिंच आणि राखेने घासलं. मी बाहेरून अशी लखलखले की शालनबाईंचं नाव दारातून वाचता यावं. मग त्यांनी आत बोट फिरवलं. बोट थांबलं. बुडाला आणि एका बाजूला कल्हई पार उडाली होती, पिवळं पितळ दिसत होतं. सारजाबाईंनी वीस वर्षं भांडी सांभाळली होती. याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. पण कल्हईवाला तेव्हा खेडच्या बाजूला, आणि उत्सव उद्यावर.

"एका येळंला काय व्हतंय," त्या पुटपुटल्या. "झाली की लगीच वाढायची."

मित्रांनो, मला वाचा नाही हे खरं. पण वाचा असती तरी त्या क्षणी मी बोलले नसते. मला चुलीवर चढायचं होतं. त्या जर्मनच्या देखत चढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कढी झाली. काय वास सुटला! गेनबा दोनदा डोकावून गेले. जर्मन कोपऱ्यात वरण घेऊन बसलं होतं, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. पण कीर्तनकारांची एस.टी. चुकली. कीर्तन उशिरा उभं राहिलं आणि मग आवरता आवरेना. जर्मनमध्ये वरण होतं, म्हणून कढी माझ्यातच राहिली. एक तास गेला, दुसराही गेला. आंबट ताक माझ्या उघड्या पितळेला लागून होतं आणि त्याचं काय होतंय ते मला कळत होतं.

शेवटी पंगत बसली. मठाची रीत अशी, की पहिल्या पंगतीला मुलं आणि लेकुरवाळ्या. गेनबा बादली घेऊन आले. "सारजाबाई, कढी भरा बिगी बिगी. पोरं खोळंबल्यात."

सारजाबाईंनी पळीभर कढी काढली आणि सवयीने थेंबभर जिभेवर घेतली. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मान वर केली तर सुभद्राबाई दारात उभ्या होत्या, पदर नाकाला लावून.

बाहेर पहिल्याच पानावर एक बाई बसली होती. मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. ते रिकामा द्रोण चाटत होतं, आणि आई त्याला सांगत होती, "थांब रे राजा, आत्ता येईल कढी."

"भरा की!" गेनबा म्हणाले.

सारजाबाईंनी फडक्याने माझे दोन्ही कान धरले, मला चुलीवरून ओढलं आणि मागच्या दाराशी फरफटत नेऊन सगळी कढी मोरीत ओतली. दीडशे माणसांची कढी! शेवटी हिरवट गाळ निघाला, तो स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी पाहिला.

उद्धवराव धावत आले. "अहो, हे काय केलंत?"

"कढी कळकली," सारजाबाई म्हणाल्या. आवाज मोठा होता, पंगतीपर्यंत गेला. "कल्हई उडालेली मला काल दिसली व्हती. तरी केली. हिच्यावर कुरघोडी करायची व्हती मला. चूक माजी हाय. खोली उद्या मोकळी करते."

उद्धवरावांनी हात पुढे केला. "कोठीची किल्ली सुभद्राबाईंकडे द्या."

सारजाबाईंनी कनवटीची किल्ली काढली. सुभद्राबाईंनी ती घेतली नाही.

"मला बी वास आलता काका," त्या म्हणाल्या. "बऱ्याच वेळचा आलता. मी बोलले न्हाई. म्हनलं, होऊ द्या काय व्हायचं ते, म्हंजी मावशी जातील. लेकरं बसलेली दिसत व्हती, तरी बोलले न्हाई. माझ्यापरीस त्याच बऱ्या. किल्ली त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

उद्धवरावांनी एकदा पंगतीकडे पाहिलं. मग चिडूनच म्हणाले, "आधी वरण-भात तरी वाढा. पोरं उपाशी आहेत."

त्या दिवशी सगळ्यांना जर्मनमधल्या वरणाने जेवू घातलं, हे मला मान्य करावं लागतं. 'परवा' उजाडला, पण कुणीच जा म्हणालं नाही. आता मागच्या खोलीत दोन अंथरुणं आहेत. दोघींचं अजून पटत नाही. हिंगावरून रोज वाद होतो. पण चुलीवर कुठलंही भांडं चढण्याआधी एकीने ते दुसरीला आतून दाखवायचं, हा नियम दोघींनी आपण होऊन केला आहे. गरज पडली की कल्हईवाल्याला हाक जाते.

माझा हेवा गेलेला नाही. जर्मन चुलीवर असलं की त्याचं बूड करपावं, असं अजून मनात येतं. म्हणूनच मुलांनो, हे तुमच्या आईला वाचून दाखवा. घरातलं जुनं पितळ टाकू नका, त्याला वेळच्या वेळी कल्हई करा. पण माझ्यासारखी एखादी डेग बाहेरून कितीही झळकली, कितीही आवडती असली, तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका. तिला चुलीवर चढायची घाई झालेली असते. तिला उजेडात न्या, वाकवा, आणि आधी आत बघा.