नाव न विचारलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच कळवळू नका, दहा माणसं घेऊन अजून भरती कापते मी. पोटाला एक भेग आहे, ती कशी पडली तेही सांगते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, शिंपल्यांच्या खाडीत माझा जन्म झाला. सायमन नावाच्या माणसाने जंगलातलं एक सीडरचं झाड निवडलं, झाडाची परवानगी मागितली आणि मगच कुऱ्हाड उचलली. मला कोरून झाल्यावर त्याने माझ्यात पाणी भरलं आणि तापवलेले दगड सोडले. वाफेने लाकूड मऊ झालं, तशी मी हळूहळू रुंद होत गेले. सायमनची चिमुरडी लेक लुईसा शेजारी उभी राहून ओरडत होती, "बाबा, हिचं पोट सुटलं!" आगाऊ कार्टी!

पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा प्रवाहाने मला गर्रकन फिरवलं आणि माझं तोंड पुन्हा गावाकडे झालं. सगळे पोट धरून हसले. त्यावरूनच सायमनने माझं नाव ठेवलं. ते मी नाही सांगणार. होडीचं नाव किनाऱ्यावरच्या माणसांनी घ्यायचं असतं.

मी मासे वाहिले, वऱ्हाडं वाहिली, बाळंतिणीसुद्धा वाहिल्या. एके दिवशी काही साहेबलोक आले. जुन्या वस्तू जपायच्या आहेत म्हणाले आणि मला घेऊन गेले. गावाला कोण विचारतो! हिचं नाव काय, हेही त्यांनी विचारलं नाही. सायमनने आपणहून सांगितलं नाही. तेवढं एक गावाकडे राहिलं.

खाडीबाहेर, समोरच्या किनाऱ्यावरच्या जंगलात एक शिबिर होतं. कॉलेजची मुलं तिथे झाडं, मासे, पक्षी यांचा अभ्यास करायला येत. त्यांच्या जेवणघराच्या छताला मला टांगलं, तेही नेमकं हीटरच्या वर. "काय सुंदर आहे!" असं मुलं सूप भुरकत म्हणायची आणि माझ्याच दोरीवर ओले मोजे वाळत घालायची. सुकून सुकून माझं पोट तडकलं. समुद्राचा वास यायचा, पण समुद्र दिसायचा नाही. फार वाईट दिवस होते ते.

पुढे शिबिराची रीत बदलली. ज्यांच्या जमिनीवर शिकतो त्यांच्याकडूनही शिकायचं, त्यांचं काय काय हिरावलं गेलं ते ऐकायचं, असं ठरलं. पण पहिल्याच तुकडीने घोळ घातला. मुलं शिंपल्यांच्या खाडीत न विचारता उतरली आणि बादल्या भरभरून तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खायचे शिंपले, खणून घेऊन गेली. गावाने त्यांना खाडी बंद केली.

दुसऱ्या वर्षी टेसा नावाची मुलगी आली. जेवता जेवता तिने वर पाहिलं आणि सरांना विचारलं, "सर, ही कुणाची?" डंकनसरांना सांगता येईना. शोधाशोध झाली, खाडीवर निरोप गेला. तिथला सुतार येऊन माझी भेग डिंकाने बुजवून गेला आणि लुईसाचं उत्तर देऊन गेला, "घेऊन या. पण या वेळी रीतीने या. नाहीतर तसेच परत जा."

परत म्हणजे कुठे? माझ्यासाठी पुन्हा तो हीटर.

आम्ही खाडीत शिरलो तेव्हा लुईसा काठी टेकून किनाऱ्यावर उभी होती. केस पांढरेशुभ्र. मी तिला लगेच ओळखलं. पाहुण्यांनी आधी होडीतूनच ओळख सांगून परवानगी मागायची, या रीतीप्रमाणे मुलांनी मला दूरच थांबवलं. वारा वाढत होता.

टेसा उभी राहिली. तिने एकेकाचं नाव सांगितलं, कोण कुठला ते सांगितलं, तिसऱ्यांबद्दल माफी मागितली. "आजी, तुमची होडी आम्ही तुम्हाला भेट द्यायला आणली आहे. उतरू का?"

लुईसाने एकेकाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "सगळ्यांची ओळख करून दिलीस?"

"हो, आजी."

"पुन्हा बघ."

टेसाने पुन्हा सगळी नावं घेतली. लुईसाने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात एक लाट आडवी आदळली आणि माझ्या पोटातला डिंक सुटला. पाणी आत येऊ लागलं.

"टेसा, बस झालं!" डंकनसर ओरडले. "वारा वाढला की किनारा गाठायचा, हा आपला नियम आहे. मारा वल्ही!"

"नाही सर! न विचारता पुन्हा उतरायचं नाही!"

"अगं, होडी भरतेय!"

"मग उपसा ना!"

बरोबर आणलेल्या सुपाच्या वाट्यांनी मुलं पाणी उपसू लागली. पाणी कमरेइतकंच होतं, मुलं काही बुडाली नसती. पण आणखी दोन लाटा आल्या असत्या तर मी उभी चिरले असते. ज्या किनाऱ्यावर जन्मले, तिथेच, दारात!

तोल सावरायला टेसाने माझ्या काठावर हात टेकला आणि हाताकडे बघतच राहिली.

"आजी! एक राहिली!" ती ओरडली. "आम्हाला घेऊन आली ती राहिली! हिचं नाव आम्हाला माहीत नाही. हिच्याखाली बसून जेवलो, पण कुणी विचारलंच नाही. आणि मी भेट म्हणाले, तेही चुकलं. ही आमची कधी नव्हतीच."

लुईसा सरळ पाण्यात शिरली.

"मावशी, बूट!" मागून तिचा भाचा ओरडला.

"खड्ड्यात गेले बूट!"

कमरेइतक्या पाण्यात येऊन तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत माझं नाव घेतलं. त्याचा अर्थ 'मागे वळून पाहणारी'. सायमननंतर पहिल्यांदाच ते कानावर पडलं.

"ये गं बाई. किती उशीर केलास!" ती रडत होती आणि हसतही होती. "आणि पोट अजून सुटलेलंच का?" मग मुलांकडे वळून म्हणाली, "तुम्हीही उतरा. तिसऱ्या शिजल्यात. खणायच्या नाहीत, नुसत्या खायच्या."

आता मी सावलीत असते. मला तेल लावतात, उन्हाळ्यात गावची आणि शिबिराची मुलं मिळून मला पाण्यात नेतात. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू टांगलेली असेल. तिची धूळ पुसा, तिला तेल लावा. पण त्याआधी ती कुणाची आणि तिचं नाव काय, ते विचारा. ते ठाऊक असलेलं माणूस कुठल्यातरी किनाऱ्यावर काठी टेकून वाट बघत असेल. त्याला फार वेळ उभं ठेवू नका.