सांध्याजवळची राख

एनिड गार्बटने चहाच्या गाळणीतून राख चाळली, तीही तिसऱ्यांदा. खाली वर्तमानपत्रावर बारीक रव्यासारखा काळसर ढीग जमला.

"स्वयंपाकघर उचलून आणलंस की काय इथं?" नॉर्मन पिकर्सगिल म्हणाला. तो छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्या हौशी मंडळाचा सेक्रेटरी. जन्मभर टपाल वाटलं आणि आता लोकांना सल्ले वाटतो, असं त्याची बायको म्हणायची. "दुकानात पाकीट मिळतं. करडी खडी, अगदी मापात. सगळं जग तीच वापरतं."

"सगळ्या जगाचं स्टेशन हॅगथ्वेट नव्हतं. आपल्या यार्डात इंजिनांची राखच पसरायचे. माझे पांढरे मोजे साक्षीला आहेत."

"साठ वर्षांपूर्वीचे मोजे!"

"अठ्ठावन्न."

नॉर्मनने हात जोडले नाहीत एवढंच. "बरं बाई. पण सांध्याजवळ, गाडी रूळ बदलते तिथं, जपून हं. तिथं डिंक गेला की गाडी गेलीच म्हणून समज."

चॅपलमागच्या त्या हॉलमध्ये मंडळ दोन वर्षं खपून हॅगथ्वेट स्टेशनची छोटी प्रतिकृती उभी करत होतं. लाइन बंद झाली तेव्हा एनिड आठ वर्षांची होती. वडील स्टेशनमास्तर, आणि मोठा भाऊ विल्फ रूळ राखणाऱ्या टोळीत. आता टेबलांवर पुन्हा फलाट होता, मेंढ्यांचा गोठा होता, वडिलांचा रुबार्बचा वाफाही होता, रंगवलेल्या कागदाच्या पानांचा. प्रदर्शन शनिवारी. पण एनिडचं लक्ष शुक्रवारकडे लागलं होतं. गर्दीला विल्फ घाबरायचा, म्हणून ती त्याला वृद्धाश्रमातून आदल्या दिवशी दुपारीच आणणार होती. नाताळपासून तो तिला ओळखत नव्हता. 'मॅडम' म्हणायचा, अदबीने. मॅडमचा त्याला काही उपयोग नव्हता आणि तिला मॅडम व्हायचं नव्हतं. माणूस नाही, तर निदान जागा तरी त्याला ओळखू येईल, या एका आशेवर तिने ही राख चाळली होती.

गुरुवारी तिने यार्डातल्या रुळांचा शेवटचा तुकडा घेतला. रुळांखालच्या आडव्या स्लीपरांच्या मधे चमच्याने राख सोडली, मऊ कुंचल्याने सारखी केली. वरून पाण्याचा हलका फवारा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर पाणी राखेवर मोत्यासारखं नुसतं घरंगळतं. मग एक भाग डिंक, तीन भाग पाणी. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेल्या हाताने ती ड्रॉपरमधून थेंब सोडत गेली. सांध्याच्या सरकत्या पात्यापासून बोटभर अंतरावर थांबली.

मोजमाप बरोबर होतं. तिने हिशेब केला होता तो खडीचा. राख मात्र टिपकागदासारखी पिते आणि प्यालेलं पुढे नेते, ही शाळेत शिकलेली गोष्ट नेमकी त्याच दिवशी तिला आठवली नाही.

शुक्रवारी ती विल्फचा हात धरून हॉलमध्ये शिरली, तेव्हा नॉर्मन यार्डावर वाकला होता. त्याने मान वर केली आणि तिला सगळं कळलं.

"चिकटलाय," तो पुटपुटला. "दगडासारखा. मी म्हणत नव्हतो–"

"आत्ता नको, नॉर्मन."

विल्फने टोपी काढली. फलाटावरून, गोठ्यावरून, रुबार्बवरून त्याची नजर फिरली, ती कुठेही न थांबता. "छान आहे," तो म्हणाला. "तुम्ही केलंत का हे, मॅडम?"

"आम्ही सगळ्यांनी."

"छान."

एनिडने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. काहीतरी करायचं म्हणून नॉर्मनने इंजिन सोडलं. ते फलाटावरून निघालं, यार्डाकडे वळायला गेलं आणि सांध्यावर अडखळून कलंडलं.

विल्फ खुर्चीत बसता बसता थांबला. टेबलाला पोट टेकवून वाकला आणि अंगठ्याचं नख पातं आणि रूळ यांच्या फटीत घातलं.

"इथं कोणी भरली राख?"

नॉर्मनने छताकडे पाहिलं.

"मी," एनिड म्हणाली.

"पात्याला भिडवून? कुणी शिकवलं तुला? अगं, इथं मोकळं ठेवायचं असतं! ओल धरते राख. रात्री गोठली की सकाळी दुधाची गाडी सिग्नलला उभी, आणि बोलणी कोण खाणार? बाबा!" त्याने न बघताच हात पुढे केला. "गरम पाणी आण. आणि काडी."

तिने किटलीतलं पाणी कपात ओतलं. नॉर्मनने काड्यापेटी दिली. विल्फ काडी बुडवायचा, फटीत फिरवायचा, सुटलेली राख बाहीला पुसायचा. आश्रमात ज्याला कोटाची बटणं लावता येत नव्हती, त्याचा हात इथं थरथरत नव्हता. एनिड कप धरून उभी राहिली, लहानपणी त्याला डबा पोचवून रिकामा परत न्यायला थांबायची तशी. बोललं की मोडेल असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने पातं हललं. विल्फने ते बोटाने या रुळावरून त्या रुळाकडे दोनदा सरकवलं.

"झालं. बाबांना सांगू नकोस, चिमणे. मी बघून घेईन."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

तो खुर्चीत बसला. बाहीवरच्या काळ्या डागाकडे जरा नवलाने पाहत राहिला. मग म्हणाला, "चहा मिळेल का, मॅडम?"

"मिळेल ना." तिने दोन चमचे साखर घालून चहा दिला, आल्याचा केक दिला. तो त्याने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

शनिवारी दार उघडायच्या आधी नॉर्मन गाळणी आणि ड्रॉपर घेऊन आला. सांध्याजवळ खालची लाकडी फळी उघडी दिसत होती, बोटभर.

"लोक विचारतील. चिमूटभर टाकू का? जपून टाकतो."

"नको," एनिड म्हणाली. "तिथं मोकळंच ठेवायचं असतं."