फाटक्या अस्तराची बॅग

मित्रांनो, जरा हळूच बोलते, कारण माझ्या तोंडावर लाखेचं सील आहे. एका वकीलबाईंची मी जुनी, काळी, चामड्याची बॅग. सध्या मात्र मला मुद्देमाल क्रमांक दोनशे सतरा म्हणतात, म्हणजे खटल्यासाठी जप्त केलेली वस्तू. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, कापडात गुंडाळून मला फळीवर ठेवलं आहे. शेजारी एक सायकल आहे. ती अकरा वर्षं इथेच आहे. तिचा मालक कधीच वारला, खटला मात्र ठणठणीत आहे.

बाईंना वकिलीची सनद मिळाली, त्या दिवशी त्यांच्या आईने मला त्यांच्या हातात दिलं. काय मिरवले होते मी! कोर्टाच्या पायऱ्या, तुरुंगातली भेटीची खोली, मतदान केंद्रांबाहेरची बाकं, सगळीकडे मी बाईंच्या खांद्यावर. कुणाला विनाकारण उचलून नेलं की त्याच्या घरचे आधी बाईंकडेच धावत यायचे. पहिल्याच वर्षी स्टेपलरचं टोक लागून माझं अस्तर फाटलं. बाईंची धाकटी बहीण दर रविवारी टोकायची, ताई, एवढा टाका घालून घे की. बाई हो हो म्हणायच्या. पुढे त्यांना खोडच लागली. जो कागद हरवून चालणारच नाही, तो नेमका त्या फाटक्या अस्तरात सरकवायचा, आणि बाकीचे कप्प्यांत कोंबायचे. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

मग निवडणूक आली. एका केंद्राच्या यादीत नावं होती नऊशे चार, आणि जाहीर झाली तेराशे चाळीस मतं! मतदारांच्या सावल्याही रांगेत उभ्या होत्या म्हणायचं. त्या केंद्रावर मोजणी केलेले एक मास्तर बाईंकडे आले. मोजणी संपताच भरलेला तक्ता त्यांनी जपून ठेवला होता. त्यात आकडा होता सहाशे अठ्ठ्याऐंशी, आणि खाली त्यांची सही. बाईंनी तो अस्तरात सरकवला. नक्कल उद्या काढू म्हणाल्या, आणि कामाच्या रगाड्यात ते राहूनच गेलं.

निकालाला आव्हान द्यायची मुदत होती पंचेचाळीस दिवसांची. आठव्या दिवशी सकाळी पोलीस आले. बाई अफवा पसरवतात, असा आरोप होता. त्यांनी कागदांचे गठ्ठे नेले, माझे कप्पे झाडले आणि यादी लिहिली: जुनी बॅग एक, पेनं तीन, चष्म्याचं घर एक. अस्तराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझं तोंड बांधलं, सील ठोकलं, आणि सगळं काळंकुट्ट झालं.

मित्रांनो, पोटात एवढी मोठी गोष्ट असावी आणि ती सांगता येऊ नये, यासारखा जाच नाही. बाहेर रोज सकाळी हजेरी व्हायची, त्यावरून मी मुदतीचे दिवस मोजायचे. वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले. माझा जीव नुसता घुसमटत होता.

त्रेचाळिसाव्या दिवशी बाई आल्या! बॅगेत काही नाही, ती परत द्या, असा कोर्टाचा हुकूम होता. दोऱ्याने बांधलेला चष्मा चढवून कारकुनाने मला टेबलावर ठेवलं. आता सही केली की घर, असं मला वाटलं. बाईंनी पेन उचललं. मग ते तसंच खाली ठेवून त्यांनी माझ्यावर हात ठेवला.

"सील तुम्हीच फोडा," त्या कारकुनाला म्हणाल्या. "अस्तरात हात घाला आणि जे सापडेल ते यादीत चढवा."

कारकून नाकासमोर चालणारा माणूस. त्याने तक्ता काढला, वाचला, आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, हे लिहिलं तर बॅग इथून हलायची नाही. तुम्हीही अडकाल. त्यापेक्षा घेऊन जा ना गुपचूप."

"घरून आणला तर घरी बनवला म्हणतील. तुमच्या सीलमधून निघालाय, आता बोलू देत."

कारकुनाने मोठ्याने वाचत एकेक आकडा उतरवला. नक्कल शिक्क्यानिशी दुसऱ्या दिवशी मिळाली. पंचेचाळिसाव्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या आत, अर्ज दाखल झाला.

मी मात्र मूळ तक्ता पोटात घेऊन, नवं सील लावून परत फळीवर आले. खरं सांगू? मला फार राग आला होता. इतकी वर्षं ओझी वाहिली आणि बाईंनी मला दारातून परत पाठवलं! मग कळलं की कागद लपवला म्हणून त्यांच्यावर आणखी एक कलम लागलं आहे. त्यांना गाव सोडायची बंदी आहे. दर सोमवारी त्या इथे हजेरीची सही करायला येतात. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज येतो.

"दोनशे सतरा बरी आहे ना?" त्या विचारतात.

"आहे जागेवर," कारकून सांगतो.

तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. खटल्याच्या तारखा पडताहेत. मूळ तक्ता माझ्याच पोटात आहे, म्हणून तो उघडायला कोर्टाला मला बोलवावंच लागेल. कधी, ते कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या सायकलीची अकरा वर्षं आठवली की मी पुन्हा दिवस मोजायला लागते.

मित्रांनो, माझा क्रमांक पुकारला जाईल तेव्हा बाई मोकळ्या असतील की नाही, मला माहीत नाही. नसल्या तर तुमच्यापैकी कुणीतरी मला न्यायला या. माझी धूळ पुसा, चामड्याला तेल लावा, तुटका पट्टा बदला. पण धाकट्या बहिणीने कितीही सांगितलं, तरी माझं अस्तर तेवढं शिवू नका.