ऱ्हासाचं उदाहरण

अमरावतीहून निघणाऱ्या एका मासिकाने यंदा ‘ऱ्हास’ या विषयावर लेख मागवले होते. मी अकोल्याला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. जुन्या बियाण्याची उगवण कशी घटत जाते, हे मला दर आठवड्याला मोजावं लागतं. म्हणून संपादकांना वाटलं असावं, की या बाईला ऱ्हासाबद्दल काही सांगता येईल. मलाही तसं वाटलं.

मी लिहिलं की बियाणं आधी आतून मरतं, वरचं टरफल चकचकीतच राहतं. समाजाचंही तसंच. गरज भागली की माणूस चैनीकडे वळतो, आणि मग चैन हीच त्याची प्रतिष्ठा होते. विधान केलं की उदाहरण द्यायचं, ही माझी सवय. उदाहरण म्हणून मी मावशीचा टब दिला.

पंचफुलामावशी चांदूर बाजारला राहते. माझी आई गेल्यावर तिने मला वाढवलं आणि तिथल्याच जिनिंगमध्ये कापूस वाहून एमएस्सीपर्यंत शिकवलं. मागच्या वर्षी तिच्या मुलाने, अनुपने, अमरावतीतल्या एका मोडीत निघालेल्या लॉजमधून अंघोळीचा पांढरा टब आणून न्हाणीत बसवला. दर रविवारी मावशी त्यात गळ्यापर्यंत पाणी घेऊन अर्धा तास पडून राहायची. लेखात मी नाव टाकलं नाही. ‘तालुक्याच्या गावातील एक वृद्धा, पूर्वी जिनिंग कामगार’ एवढंच लिहिलं. आकडे मात्र अचूक दिले: नळाला पाणी दर तिसऱ्या दिवशी, टब एकशे ऐंशी लिटरचा. गावात तसा टब एकच आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने दर रविवारी दुपारी मावशीच्या गावच्या बुद्धविहारात बायका जमतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. ऑगस्टमध्ये मी गेले, तेव्हा महिला मंडळाच्या हर्षाताईंनी माझा लेख छापून आलेला अंक माझ्या पुढ्यात ठेवला.

“दीक्षा, तूच वाच आता. लिवणारी हाजर असतानी आमी कशाले अडखळाव?”

मावशी पांढरी साडी नेसून पुढेच बसली होती. तिला वाचता येत नाही. ती शेजारणीला म्हणाली, “माह्या पोरीनं लिवलं हाय वं. जराशी चूप बसजो.”

“मी कुठी बोलून राहिली? तूच बोलून राहिली कवाची.”

मी वाचू लागले. तिसऱ्या, टबाच्या परिच्छेदाची पहिली ओळ दिसली आणि मी सरळ चौथ्यावर गेले.

“ताई, एक परिच्छेद राहिला,” नीलम म्हणाली. ती तिथल्या शाळेत शिकवते. तिच्या हातात दुसरा अंक होता.

“तो छपाईत चुकून आला आहे.”

नीलमने अंकात पाहिलं, मग माझ्याकडे.

“चुकून आला त काय झालं?” मावशी म्हणाली. “लिवला तुनंच ना? वाच. काहून सोडून राहिली?”

मी वाचलं. एकशे ऐंशी लिटरपाशी मागून कोणीतरी हसलं. “पंचफुलाबाई, हा तं तुह्याच घरचा टब!” पुढच्या दोन वाक्यांत चैन आणि ऱ्हास आले, तशी हसणारी पदर सावरून खाली बघू लागली.

मावशीने विचारलं, “ऱ्हास म्हंजे काय वं?”

“म्हणजे... आधी चांगलं असतं, मग हळूहळू खाली उतरत जातं.”

“मंग मी कुठून उतरली?”

मी अंकाचं पान उलटलं.

“सांग ना. मले मालूम नाही म्हणून इचारून राहिली. जिनिंगात होती तवा चांगली होती, का त्याच्या आंधी?”

घट मोजायची तर सुरुवातीची नोंद लागते. ती नसलेला नमुना मी प्रयोगशाळेतून परत पाठवते. इथे तर नोंद मला पाठ होती. केसांत, भुवयांत कापसाची पिंज घेऊन मावशी घरी यायची आणि न्हाणीतल्या एका बादलीतले दोन तांबे अंगावर घ्यायची. उरलेली बादली माझी असायची.

“चुकलं माह्यं, मावशी.”

“आन् ते छपाईचं?”

“तेही खोटं बोलले.”

घरी आल्यावर तिने चहा ठेवला. पाठमोरीच म्हणाली, “नाव काहून नाही टाकलं?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“नाव टाकलं असतं त बाया हासल्या असत्या. मीबी हासली असती. लपवलं, म्हणून साऱ्याइले वाटलं का म्या काही वंगाळ केलं. मले आवडते ते. चैन हाय त हाय. नाव टाकून लिव.”

मी संपादकांना पत्र लिहिलं. पंचफुलाबाईंच्या बाबतीत मी ‘ऱ्हास’ हा शब्द वापरला, तो चुकीचा होता. त्या चैन करतात आणि ती त्यांना आवडते. पुढच्या अंकात ते जसंच्या तसं छापून आलं. नीलमने ते विहारात वाचून दाखवलं. हर्षाताईंनी मावशीला विचारलं म्हणे, “आमचा नंबर कई लावतं टबात?” सगळ्या खूप हसल्या. अनुपने हे मला फोनवर सांगितलं.

“आणि मावशी?”

“तेबी हासली.”

“रविवारी पडते ना टबात?”

“नाही. बादलीनंच आंग धुते आता. पाणी कमी हाय म्हणते.”

यंदा पाऊस चांगला झाला होता. महिनाभरापासून नळ रोज येत होता.

“तू काही म्हणाला नाहीस?”

“म्हटलं ना. मी सोताच भरून देल्ला टब एकडाव. गेली, आन् दोन मिनिटात भाईर आली. म्हणे, आत पडलं का, कोनी पाहून राहिलं असं वाटते.”