मागून हाक मारू नका

मित्रांनो, मी रस्त्याच्या कामावरचा एक जुना फलक आहे. पत्र्याच्या कारखान्यात मला आठ कोपरे पाडले. एका अंगाला लालभडक ‘थांबा’ लिहिले, दुसऱ्या अंगाला पिवळे ‘हळू’. मग उंच दांड्यावर बसवून मला मावशींच्या हाती दिले. मावशी आमच्या टोळीत सर्वांत ज्येष्ठ. हातातले काम देवाचेच, असे मानणाऱ्या.

अर्धा रस्ता खोदला, की उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या आळीपाळीने सोडायच्या. या टोकाला मावशी, त्या टोकाला त्यांचे धाकटे दीर. पलीकडून सुटलेली शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत माझे लाल तोंड हलवायचे नाही, हा नियम.

एके दिवशी मावशींची लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. कामावर फोन जवळ ठेवायचा नसतो, म्हणून तो मुकादमाकडे होता. दुपारी मुकादम मागून ओरडला, “मावशी, दवाखान्यातून फोन! लेकीला आत नेलंय!”

मावशी गर्रकन वळल्या. त्यांच्याबरोबर मीही वळलो, आणि थांबलेल्या रांगेला माझे ‘हळू’ दिसले! पहिला ट्रक निघाला. समोरून शाळेची बस येत होती. मावशींनी मला झटकन फिरवले, जीव खाऊन शिट्टी फुंकली. ट्रक कचकन थांबला. बस आणि त्याच्यात हातभरच अंतर उरले.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“कुणाला खरचटलंही नाही. साहेबांच्या कानावर कशाला घालता?” मुकादम म्हणाला.

“घालणार. बसमधली पोरंही कुणाच्या तरी लेकीचीच ना?”

“घरी बसवतील तुम्हाला!”

“बसवू देत. पण पुन्हा इथं उभी राहिले, तर यापुढे मागची हाक ऐकणार नाही. सांगायचं ते समोर येऊन सांगा.”

साहेबांनी खूप सुनावले. पण चूक स्वतःहून सांगितली म्हणून मला मावशींच्याच हाती ठेवले.

तासाभराने मुकादम पुन्हा मागून ओरडू लागला. “मावशी! अहो मावशी! बहिऱ्या झालात की काय?”

त्याच वेळी वॉकीटॉकीवर दीर म्हणाले, “वहिनी, शेवटची पांढरी गाडी सोडली.”

मावशींनी दांडा दोन्ही हातांनी धरला. मी तसूभरही हललो नाही. अखेर मुकादम खोदकामाला वळसा घालून, धापा टाकत समोरच्या कडेला आला.

“नात झाली! दोघी सुखरूप आहेत!”

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. “देवा, पावलास रे बाबा!” त्या म्हणाल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, “मुकादम, बाजूला व्हा. पांढरी गाडी दिसत नाहीये.”

आता माझा रंग विटला आहे, एक कोपरा वाकला आहे. तरी रोज उभा राहतो. मित्रांनो, मी लाल दिसलो तर हॉर्न वाजवू नका, थांबा. आणि मला धरणाऱ्या माणसाला कितीही आनंदाची बातमी द्यायची असली, तरी वळसा घालून समोर या. चाळीस पावले जास्त पडतील. पडू देत.