सातवी खूण

भाचीचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. "मामा, रिकामे आहात का?" तिने विचारले. निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नसतो, हे तिला ठाऊक होते. म्हणून उत्तराची वाट न पाहता तिने अडचण सांगितली.

ज्या कार्यालयात मी एकवीस वर्षे संगणक विभाग सांभाळला, तिथे माझ्या खुर्चीवर आता ती बसते. नवा मेल सर्व्हर डिरेक्टरीला, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी आणि अधिकार ठेवणाऱ्या यादीला, जोडण्याचे काम तिने हट्टाने स्वतःकडे घेतले होते. बाहेरची एक कंपनी त्यासाठी मेल सर्व्हरला डिरेक्टरीवरचे सर्वाधिकार मागत होती. मोजक्या अधिकारांतही जोडणी होते, असे हिने भर बैठकीत सांगितले. साहेबांनी तिला दुपारी दोनपर्यंतची मुदत दिली. तोवर झाले नाही तर काम कंपनीकडे जाणार आणि हिची बदली मदत-कक्षाच्या फोनवर होणार.

"चारशे बारा जणांचं जुळलं, मामा. सात जणांच्या नोंदीत सर्व्हर पत्ता लिहायला गेला की 'अधिकार अपुरे' म्हणतो. सातही जण भांडारातले."

मी पोचलो तेव्हा दारावरच्या पहारेकऱ्याने माझ्या हातात पाहुण्याचा बिल्ला ठेवला. "एकवीस वर्षं मी सलाम ठोकला," तो म्हणाला, "आज तुम्ही सही ठोका."

साहेब भाचीच्या खुर्चीमागे उभे होते. "अहो, देऊन टाका त्याला सगळे अधिकार आणि मोकळ्या व्हा! सातच तर माणसं आहेत."

"सात माणसांसाठी चारशे एकोणीस दारांची किल्ली द्यायची, साहेब?"

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि ते निघून गेले.

मी तिला काहीही बदलू दिले नाही. जुळलेली एक नोंद आणि अडलेली एक नोंद शेजारी शेजारी उघडायला लावून दोन्ही वरपासून वाचायला सांगितले. सातव्या ओळीवर ती थांबली. जुळलेल्या नोंदीला विभागाचे अधिकार वरून आपोआप मिळत होते, तर अडलेल्या नोंदीत ते तोडलेले होते. खाली एक जुनी खूणही होती: व्यवस्थापक.

"भांडारातली माणसं व्यवस्थापक कधी झाली?"

डिरेक्टरीची एक पद्धत आहे. कुणाला व्यवस्थापक गटात घातले की त्याच्या नोंदीभोवती ती कुंपण घालते; वरून येणारे अधिकार तिथे तुटतात. त्याला गटातून काढले तरी कुंपण राहते. ते हाताने काढावे लागते. मी हे सांगताच तिने सातही कुंपणे काढली. अकरा वाजून वीस मिनिटांनी सातही नोंदी जुळल्या. ती पाणी प्यायली.

बारा वाजून पाच मिनिटांनी ती पुटपुटली, "आबा परत अडले." आबा म्हणजे भांडारपाल. बाकीचे सहा व्यवस्थित होते.

"दर तासाला डिरेक्टरी गटातल्या माणसांची कुंपणं तपासते आणि पडली असतील तर पुन्हा उभी करते," मी म्हणालो.

"म्हणजे आबा अजून गटात आहेत."

"छे! मी काढलंय त्यांना. वहीत नोंद आहे."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काढलंय? मग घातलंही तुम्हीच!"

कपाटात माझी निळी वही होती. नऊ वर्षांपूर्वी मालमोजणीच्या दिवशी चिठ्ठ्या छापायचे यंत्र भांडारात कुणालाच चालवता येईना, म्हणून मी सातही जणांना छपाईच्या व्यवस्थापक गटात एका दिवसापुरते घातले होते. पानावर सात नावे होती आणि 'काढले' या रकान्यात सात खुणा, सगळ्या एका शाईतल्या. भाचीने पडद्यावर तो गट उघडला. त्यात एकच नाव होते.

तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत आम्हाला एक शिस्त होती. आधी नोंदवहीत लिहायचे, मग हत्यार हातात घ्यायचे. हत्यार नेताना ती बरोबरच आहे. मी ती परत करतानाही पाळत आलो. आधी सात खुणा केल्या, मग काढायला बसलो आणि सहाव्यानंतर कुणीतरी हाक मारली असणार.

तिने आबांना गटातून काढले, कुंपण काढले आणि त्यांना फोन लावला.

"म्हणजे नऊ वर्षं मी व्यवस्थापक होतो?" आबांचा आवाज खोलीभर आला. "अगं, मग सांगायचं तरी! एक दिवस तरी रुबाब केला असता."

"आता उतरवलंय तुम्हाला, आबा."

"मामा आहे का तिथे? त्याला म्हणावं, चहा देणं लागतोस."

ती अहवाल लिहू लागली. 'कारण' या रकान्यापाशी बोटे थांबली. "'जुनी नोंद अपूर्ण' लिहू?"

"नोंद पूर्णच होती. काम अपूर्ण होतं. आणि माझं नाव घाल."

"साहेब वाचणार आहेत, मामा."

"म्हणून तर."

तिने लिहिले. मी वाचले आणि मान हलवली.

मग डिरेक्टरीच्या पुढच्या तपासणीची वाट पाहत आम्ही बसून राहिलो. वही माझ्या मांडीवर उघडी होती, पेनाचे टोपण मी काढले नव्हते. एक वाजून पाच मिनिटे झाली. एक वाजून दहा मिनिटांनी तिने आबांना चाचणीचे पत्र पाठवले. लगेच उत्तर आले: 'मिळालं. चहा?'

"जुळलेलंच आहे," ती म्हणाली. अहवाल साहेबांकडे गेला.

मी टोपण काढले, सातवी खूण खोडली, तिच्याशेजारी आजची तारीख घातली आणि नवी खूण केली.